ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, मग दम का लागतो? हिमोग्लोबिन आणि फुप्फुसांचा हिशोब

प्रश्नात दोन माणसं आहेत. पहिली ३४ वर्षांची स्त्री: हिमोग्लोबिन ८.२, जिना चढताना धाप लागते, ऑक्सिमीटर मात्र ९८ टक्के दाखवतो. दुसरे तिचे ६६ वर्षांचे वडील: जुना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार), ऑक्सिमीटरवर ८७ आणि हिमोग्लोबिन १८.४. विचारलंय ते असं, की तिची फुप्फुसं बिघडली आहेत का, आणि वडिलांचं रक्त "चांगलं भरलेलं" आहे म्हणून निश्चिंत राहावं का. पहिल्याचं उत्तर "बहुधा नाही" आणि दुसऱ्याचं "मुळीच नाही". दोन्ही उत्तरं एकाच हिशोबातून निघतात, म्हणून आधी तो हिशोब मांडतो.

रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटून फिरतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. याखेरीज थोडा ऑक्सिजन रक्तद्रवात नुसता विरघळलेला असतो, पण तो फारच कमी: दाबाच्या प्रत्येक मिमी पाऱ्यामागे १०० मिली रक्तात ०.००३ मिली, म्हणजे निरोगी माणसात एकूण ०.३ मिलीच्या आसपास. सूत्र सोपं आहे. हिमोग्लोबिन गुणिले १.३४ गुणिले संपृक्तता (ऑक्सिमीटरवर दिसते ती टक्केवारी), आणि त्यात विरघळलेला भाग मिळवायचा. हिमोग्लोबिन १५ आणि संपृक्तता ९८ टक्के असलेल्या निरोगी माणसाच्या १०० मिली धमनीरक्तात यानुसार २० मिली ऑक्सिजन येतो. आता प्रश्नातल्या स्त्रीचं गणित करा: ८.२ गुणिले १.३४ गुणिले ०.९८, अधिक ०.३, म्हणजे सुमारे ११ मिली. ऑक्सिमीटर निरोगी माणसाइतकाच आकडा दाखवतोय, पण रक्तातला ऑक्सिजन निम्म्याहून थोडाच जास्त आहे. वडिलांचं गणित याच्या उलट आहे. संपृक्तता ८७ असूनही त्यांच्या १०० मिली रक्तात साडेएकवीस मिली ऑक्सिजन आहे, निरोगी माणसाहूनही थोडा जास्त. तो शरीराने कोणत्या किमतीवर मिळवलाय, ते पुढे येईलच.

ऑक्सिमीटर नेमकं काय मोजतो, हे इथे समजून घ्यायला हवं. बोटातून तो दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि त्या प्रमाणावरून यंत्र टक्केवारी काढतं. टक्केवारी म्हणजे गुणोत्तर. पाणवठ्यावरून निघालेल्या घागरींपैकी किती भरलेल्या आहेत एवढं ते सांगतं, मुळात घागरी किती आहेत हे नाही. फुप्फुसांचं काम घागरी भरण्याचं. घागरी घडवण्याचं काम अस्थिमज्जेचं आहे. त्यामुळे ९८ या आकड्याचा अर्थ "फुप्फुसं भरण्याचं काम नीट करताहेत" इतकाच होतो. तो "शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळतोय" असा वाचणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि त्या चुकीपायी रक्तक्षयाचे रुग्ण महिनोन्‌महिने स्वतःला फुप्फुसांचे रुग्ण समजत राहतात.

मग दम का लागतो? स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. निरोगी रक्तातून त्यामुळे मिनिटाला १००० मिली ऑक्सिजन अवयवांपर्यंत जातो आणि शरीर त्यातला २५० मिलीच वापरतं. उरलेला पाऊणभाग ही राखीव शिल्लक. हिमोग्लोबिन ८.२ झालं की तेवढ्याच रक्तातून ५५० मिली पोहोचतो. बसल्याजागी हे सहज भागतं, म्हणूनच खुर्चीत काहीच जाणवत नाही. जिना चढताना गरज चौपट किंवा त्याहून जास्त होते, आणि मग हृदयाला जोरात धावावं लागतं, स्नायूंना रक्तातला ऑक्सिजन अधिक ओरबाडून घ्यावा लागतो. तेही पुरलं नाही की स्नायू ऑक्सिजनविना ऊर्जा तयार करू लागतात, लॅक्टिक आम्ल लवकर साचतं, आणि ते आम्ल श्वास वाढवतं. इथे एक बारकावा आहे. मानेतल्या धमनीपाशी ऑक्सिजनची "चौकी" असते, ती ऑक्सिजनचा दाब तपासते, एकूण साठा नाही. रक्तक्षयात दाब शाबूत असतो. त्यामुळे बसल्याजागी श्वास फारसा वाढत नाही, वाढतो तो श्रमावर, छातीतल्या धडधडीसकट.

रक्तक्षय हळूहळू झाला असेल तर शरीर आणखी एक युक्ती करतं. तांबड्या पेशींमध्ये २,३-डीपीजी नावाचं द्रव्य वाढतं आणि त्यामुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. ऑक्सिजन ऊतींमध्ये सहज सुटतो. ताप, आम्लता आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइडही पकड सैल करतात. त्यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला, म्हणून त्याला बोर परिणाम म्हणतात. या जुळवून घेण्यामुळेच वर्षभरात ७ वर आलेली व्यक्ती घरातली कामं करत असते, आणि रक्तस्रावाने एका दिवसात ७ वर आलेली उभी राहिली तर कोसळते. आकडा एकच, धोका वेगळा. हिमोग्लोबिन किती आहे याइतकंच ते किती वेगाने उतरलं हे महत्त्वाचं असतं, म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवा.

आता दम रक्ताचा की फुप्फुसांचा, हे ओळखायची घरची चाचणी. ऑक्सिमीटर आधी नीट लावायला शिका. नखावरचा रंग काढायचा, हात गार असतील तर चोळून उबदार करायचे, पाच मिनिटं शांत बसायचं, मधलं किंवा तर्जनीचं बोट आत पूर्ण घालायचं, आणि आकडा किमान अर्धा मिनिट स्थिर राहिला की मगच लिहून घ्यायचा. पडद्यावर नाडीची लाट उमटत नसेल किंवा ती तुटक असेल तर तो आकडा धरू नका. चांगल्या यंत्रातही दोन-तीन टक्क्यांची चूक असते, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ते प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. बसून आकडा ९४ किंवा त्याहून वर असेल आणि छातीत दुखत नसेल, तरच पुढचा भाग करा: खुर्चीतून उठणं-बसणं एक मिनिट सलग, किंवा नेहमीच्या वेगाने सहा मिनिटं चालणं. सोबत कोणीतरी हवं. चाचणी चालू असताना आणि संपल्यावर मिनिटभर आकडा पाहायचा. निव्वळ रक्तक्षयात नाडी ११० ते १३० पर्यंत जाते, दम लागतो, पण संपृक्तता जागची हलत नाही. ती चार किंवा जास्त टक्क्यांनी घसरली, तर हिमोग्लोबिन कितीही कमी असो, फुप्फुसं किंवा त्यांच्या रक्तवाहिन्या तपासायलाच हव्यात. फुप्फुसांची जाळी घट्ट होण्याच्या आजारात ही घसरण फार लवकर दिसते, एक्स-रे अजून स्वच्छ दिसत असतानाही.

लक्षणांचाही उपयोग होतो, पण त्यांवर विसंबू नये. शिट्टीसारखा आवाज, बेडका, रात्री उठवणारा खोकला, हवा बदलली की वाढणारा त्रास हे फुप्फुसांकडे बोट दाखवतात. धडधड, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, फिकट पापण्या, बर्फ किंवा माती खाण्याची अनावर इच्छा, मासिक पाळीत जास्त रक्तस्राव हे रक्ताकडे. मात्र आडवं झाल्यावर दम वाढणं आणि पायांवर सूज हे हृदयाचं लक्षण आहे, आणि दीर्घकाळच्या तीव्र रक्तक्षयाने हृदयही थकतं. तिन्ही गोष्टी एकाच माणसात असणं मुळीच दुर्मिळ नाही.

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ फुप्फुसांच्या एका विशिष्ट चाचणीत होतो, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. फुंकर मारायची साधी स्पायरोमेट्री हिमोग्लोबिनने बदलत नाही. ती हवेची ये-जा मोजते, रक्ताशी तिचा संबंध नाही. डीएलसीओ या चाचणीचं तसं नाही. तीत अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा छातीत घेऊन दहा सेकंद श्वास रोखायचा असतो, आणि त्यातला किती वायू वायुकोशांतून, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांतून, रक्तात गेला ते मोजतात. हा वायू उचलतं कोण? हिमोग्लोबिनच. ते कमी असेल तर वायुकोशांची भिंत ठणठणीत असूनही निकाल कमी येतो, आणि रिपोर्टवर "वायू-देवाणघेवाण घटलेली" असं छापलं जातं. त्यासाठी दुरुस्तीचं सूत्र ठरलेलं आहे. पुरुषांसाठी मोजलेला आकडा गुणिले (१०.२२ अधिक हिमोग्लोबिन), भागिले (१.७ गुणिले हिमोग्लोबिन). स्त्रिया आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०.२२ च्या जागी ९.३८. प्रमाण हिमोग्लोबिन पुरुषांत १४.६ आणि स्त्रियांत १३.४ धरलेलं आहे.

समजा, ८.२ हिमोग्लोबिन असलेल्या या स्त्रीचा डीएलसीओ अपेक्षेच्या ६२ टक्के आला. दुरुस्तीचा गुणक १.२६ येतो, म्हणजे खरा आकडा ७८ टक्के. ६२ वर सीटी स्कॅनची घाई झाली असती, ७८ वर आधी रक्तक्षय भरून काढून तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणं शहाणपणाचं. वडिलांच्या बाबतीत दुरुस्ती उलट्या दिशेने जाते. १८.४ हिमोग्लोबिनवर गुणक ०.९१५ येतो, म्हणजे छापील ४८ टक्के प्रत्यक्षात ४४. जाड रक्ताने फुप्फुसांचं नुकसान थोडं झाकून टाकलं. म्हणून डीएलसीओला जाताना त्याच आठवड्यातला सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी) सोबत न्या आणि रिपोर्टवर "हिमोग्लोबिननुसार दुरुस्त" हा आकडा छापलाय का ते पाहा. नसेल तर मागून घ्या. त्या दिवशी धूम्रपान करू नका, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड आधीच हिमोग्लोबिनवर बसलेला असतो आणि त्याच्या दर एका टक्क्यामागे निकाल जवळपास एका टक्क्याने कमी येतो. डीएलसीओ अपेक्षेपेक्षा अचानक जास्त आला तर तेही दुर्लक्षू नये. वायुकोशांत रक्तस्राव होत असेल तर तिथे सांडलेलं हिमोग्लोबिनही वायू शोषून घेतं.

फुप्फुसांच्या आजाराने हिमोग्लोबिन कमी होतं का? होतं, आणि अनेक वाटांनी. सीओपीडीत रक्त जाड होतं असं पूर्वीपासून शिकवलं जातं, पण आज सीओपीडीच्या रुग्णांत रक्तक्षयच जास्त आढळतो. मुख्य कारण दीर्घकाळची दाहप्रक्रिया. तिच्यामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि हेप्सिडिन लोहाचे दरवाजे बंद करतं: आतड्यातून लोह शोषलं जात नाही आणि साठ्यातलं बाहेर येत नाही. लोह असतं, पण कुलपात. अशा वेळी फेरिटिनचा, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीचा, आकडा फसवा ठरतो, कारण दाहामुळे तो स्वतःच वाढतो. निरोगी माणसात फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता जवळपास नक्की समजतात. फुप्फुसांचा जुना दाह असलेल्या माणसात १०० पर्यंतचं फेरिटिनही, ट्रान्सफेरिन संपृक्तता (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) २० टक्क्यांखाली असेल तर, कमतरताच मानावी लागते. नुसतं फेरिटिन करून "लोह ठीक आहे" असा शेरा मिळाला असेल, तर दुसरी चाचणी झाली आहे का ते विचारा.

क्षयरोगात रक्तक्षय इतका नेहमीचा आहे की तो बरेचदा पहिल्याच तपासणीत दिसतो. त्यातला मोठा भाग क्षयाच्या औषधांनीच, दाह उतरला की, काही महिन्यांत भरून येतो. लोह सगळ्यांनाच लागतं असं नाही, खरी कमतरता सिद्ध झाली तरच द्यायचं. मात्र औषधांवर नजर ठेवावी लागते. लिनेझोलिड अस्थिमज्जा दाबतं, म्हणून ते चालू असताना सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी करायचा. आयसोनायझिडमुळे बी-६ जीवनसत्त्व कमी पडून वेगळ्याच प्रकारचा रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन देतात. दम्यासाठी वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या आणि जोडीला वेदनाशामकं घेणाऱ्यांत पोटातून थोडं थोडं रक्त जात राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर ते सांगायला लाजू नका.

आणखी एक वाट कमी दिसते, पण चुकवायची नाही ती हीच. लहान मुलाला लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय पुन्हा पुन्हा होतो, लोह दिलं की थोडा सुधारतो आणि परत उतरतो, सोबत खोकला आहे, छातीच्या एक्स-रेवर येणाऱ्या-जाणाऱ्या सावल्या आहेत. अशा मुलाच्या फुप्फुसांतच रक्त झिरपत असू शकतं. मुलं बेडका गिळतात, म्हणून खोकल्यातून रक्त दिसत नाही आणि सगळे पोट तपासत बसतात. मोठ्यांतही दोन-तीन दिवसांत हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅमने उतरलं आणि एक्स-रेवर नव्या सावल्या आल्या, तर वायुकोशांतला रक्तस्राव आधी मनात आणायचा. तिथे वाट पाहायला वेळ नसतो.

उपचारांकडे येतो. रक्तक्षयाच्या दमावर घरी ऑक्सिजन सिलिंडर लावण्याचा मोह होतो. संपृक्तता ९८ असताना त्याने घागरी दोन टक्के जास्त भरतील, आणि विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये थोडी भर पडेल. रुग्णालयात अतितीव्र रक्तक्षयात, रक्त येईपर्यंतच्या तासांत, त्या थोड्या भरीचा आधार घेतात. घरचा उपचार तो नव्हे. घागरीच वाढवायला हव्यात.

त्यासाठी आधी कारण शोधायचं. सीबीसीमधला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, पाहा. तो ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाची लक्षणविरहित अवस्था, १०० च्या वर असेल तर बी-१२, फोलेट, थायरॉइड, यकृत किंवा मद्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पुरुषांत १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५) च्या खाली रक्तक्षय मानतात. समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांसाठी आणि धूम्रपान करणाऱ्यांसाठी ही रेघ वर सरकवावी लागते. रोज धूम्रपान करणाऱ्या पुरुषाचं १३.२ हे "ठीक" दिसणारं हिमोग्लोबिन म्हणूनच ठीक नसू शकतं.

लोहाची कमतरता ठरली, तर प्रौढांना दिवसातून एकदा ६० ते ६५ मिग्रॅ मूलद्रव्य लोह पुरतं. फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅच्या सुक्या क्षाराच्या गोळीत एवढंच असतं. गोळीवरचा मोठा आकडा क्षाराचा असतो, लोहाचा नाही, हे वाचताना लक्षात ठेवा. दिवसातून तीनदा घेण्यात फायदा नाही. एका मात्रेनंतर हेप्सिडिन सुमारे चोवीस तास वाढलेलं राहतं आणि पुढची मात्रा नीट शोषू देत नाही. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. रिकाम्या पोटी, पाण्यासोबत. चहा, कॉफी, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधं दोन तास लांब ठेवायची. फुप्फुसांच्या रुग्णांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही छातीच्या संसर्गात वारंवार दिली जाणारी प्रतिजैविकं लोहाला आतड्यातच बांधली जातात. लोह आणि ही गोळी एकत्र घेतली की प्रतिजैविक रक्तात पुरेसं पोहोचत नाही, न्यूमोनिया बरा होत नाही, आणि दोष जंतूंना दिला जातो. पाच-सात दिवसांचा प्रतिजैविकाचा कोर्स असेल तर तेवढे दिवस लोह थांबवणं सगळ्यांत सोपं.

दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने चढायला हवं. चढलं नाही तर गोळी खरंच घेतली जाते का, शोषली जाते का, रक्त कुठून जातंय का आणि निदान बरोबर आहे का, हे चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे. आकडा सामान्य झाल्यावरही तीन महिने लोह चालू ठेवायचं, नाहीतर साठे रिकामेच राहतात आणि सहा महिन्यांत सगळं पुन्हा होतं. शिरेतून दिलं जाणारं लोह उपयोगी आहे, पण अंगात तीव्र संसर्ग चालू असताना ते टाळतात. जंतूंनाही लोह हवंच असतं. रक्त चढवण्याची रेघ स्थिर रुग्णात ७ च्या खाली, हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढतं, आणि एक पिशवी देऊन पुन्हा पाहणं हेच योग्य. रक्त फुप्फुसांना दोन प्रकारे त्रास देऊ शकतं: भरभर दिल्याने फुप्फुसांत पाणी साचतं, किंवा दात्याच्या प्रतिपिंडांमुळे सहा तासांच्या आत फुप्फुसांना तीव्र इजा होते. रक्त चालू असताना किंवा त्यानंतर दम वाढला तर तो सहन करत बसू नये, लगेच परिचारिकेला सांगावं.

आता वडील. ऑक्सिजनचा दाब कमी पडला की मूत्रपिंडातल्या पेशींना ते कळतं आणि त्या एरिथ्रोपॉयटिन नावाचं संप्रेरक सोडतात, त्याने अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी बनवते. पेशींना ऑक्सिजन कमी असल्याचं कसं कळतं, याच्या उलगड्यासाठी २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं. यंत्रणा सुंदर आहे, पण तिला मर्यादा आहे. पेशी वाढल्या की रक्त दाट होतं. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की हिमॅटोक्रिटचा (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत त्याचा) अंदाज येतो, म्हणजे इथे तो ५५ टक्के. या पातळीला रक्ताचा चिकटपणा भराभर वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूला आधीच आकसलेल्या फुप्फुस-वाहिन्यांतून ते ढकलावं लागतं, डोकं जड राहतं, चेहरा लालसर-जांभळा दिसतो, गुठळी होण्याची भीती वाढते. शंभर मिलीमध्ये साडेएकवीस मिली ऑक्सिजन असून उपयोग काय, जर रक्तच संथ वाहत असेल! म्हणून १८.४ हा त्यांच्या बाबतीत तब्येतीचा पुरावा नसून शरीर दीर्घकाळ ऑक्सिजनसाठी झगडत असल्याचा पुरावा आहे.

त्यांच्यासाठी क्रमाने काय करावं? आधी पाणी कमी पिणं, लघवीची औषधं, टेस्टोस्टेरॉन किंवा मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आहेत का ते पाहावं, कारण यांनीही आकडा वाढतो. मग धमनीतल्या रक्ताची वायुतपासणी. ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी किंवा कमी, वा संपृक्तता ८८ किंवा कमी असेल, तर घरी दीर्घकालीन ऑक्सिजन लागू होतो. दाब ५६ ते ५९ असेल तरी हिमॅटोक्रिट ५५ च्या वर गेलं असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असेल तर तो लागू होतो. रक्ताचा आकडा इथे थेट फुप्फुसांच्या उपचाराचा निर्णय घेतो. निर्णय स्थिर अवस्थेतल्या तपासणीवर घ्यायचा, तीव्र झटक्यातल्या नव्हे. ऑक्सिजन दिवसाचे किमान १५ तास, झोपेसकट, आणि सीओपीडीत लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. ९८ करायच्या नादात प्रवाह वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. ऑक्सिजनजवळ विडी, सिगारेट किंवा उघडी ज्योत नको.

दिवसाचे आकडे बरे आणि हिमोग्लोबिन मात्र जास्त, असं असेल तर रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंद घ्यावी. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे त्यामागे असू शकतं. ऑक्सिजन पुरेसा असूनही आकडा चढाच असेल तर जॅक-२ या जनुकाची आणि एरिथ्रोपॉयटिनची तपासणी करून अस्थिमज्जेचा मूळ आजार नाही ना, ते पाहतात. रक्त काढण्याची वेळ हिमॅटोक्रिट ५६ च्या वर गेलं किंवा चिकटपणाची लक्षणं असली तरच येते, आणि तेव्हाही ते ५० ते ५२ पर्यंतच आणतात. फार काढलं तर त्यांना हवा असलेला ऑक्सिजनच कमी होईल. आणि वडिलांना कृपया "ताकदीसाठी" लोहाच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

याच वडिलांचं हिमोग्लोबिन उद्या ११ वर आलं तर? छापील रिपोर्टवर तो किरकोळ रक्तक्षय दिसेल. पण ८७ टक्के संपृक्ततेवर ११ हिमोग्लोबिन म्हणजे १०० मिलीमध्ये १३ मिलीपेक्षाही कमी ऑक्सिजन. सीओपीडीच्या रुग्णाचा दम अचानक वाढला आणि छातीचा आवाज नेहमीसारखाच असला, तर सीबीसी करायला विसरू नये.

९८ हा आकडा कधी खोटाही असतो. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ताकदीने हिमोग्लोबिनला धरतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो. बंद खोलीत शेगडी, गिझर किंवा जनरेटर चालू होता आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर आकड्याकडे पाहत बसू नका: उघड्या हवेत या आणि रुग्णालय गाठा. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर एक-दीड तास. दुसरा फसवणारा प्रकार मेट-हिमोग्लोबिनचा. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनने किंवा बधिरीकरणाच्या बेन्झोकेनने हिमोग्लोबिनमधलं लोह बदलतं, ऑक्सिजन धरत नाही, आणि यंत्र कितीही ऑक्सिजन दिला तरी ८५ च्या आसपास अडून राहतं. काढलेलं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी दिसतं. दोन्हींचं निदान धमनीरक्ताच्या को-ऑक्सिमीटरने, म्हणजे हिमोग्लोबिनचे हे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्राने, होतं. ओठ निळे पडण्यावरही भरवसा ठेवू नका. निळेपणा दिसायला त्वचेखालच्या रक्तात सुमारे ५ ग्रॅम ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन लागतं. ज्याच्याकडे एकूण ६-७ ग्रॅमच आहे तो गंभीर होईपर्यंत फिकटच राहील, निळा होणार नाही.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी एक वेगळी सूचना: ताप, छातीत दुखणं आणि खोकला किंवा दम एकत्र आले तर ते "छातीत कफ" म्हणून घरी ठेवायचं नाही. वाकड्या पेशी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, ऑक्सिजन उतरतो, त्याने आणखी पेशी वाकतात, आणि हे चक्र काही तासांत जीवघेणं होतं.

श्वसनाच्या व्यायामाने हिमोग्लोबिन वाढतं का, असंही विचारलं जातं. वाढत नाही. त्यांनी सीओपीडीतला दम आटोक्यात ठेवायला मदत होते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर करावेत, पण घागरी त्यांनी घडत नाहीत.

या स्त्रीने आता सीबीसी, फेरिटिन, ट्रान्सफेरिन संपृक्तता, बी-१२ आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा, एक मिनिटाची उठ-बस चाचणी करून आकडे लिहून ठेवावेत, आणि उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पाहावं. हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेलं तरी जिन्यावरची धाप तशीच राहिली, तर मात्र दुसरं कारण आहे असं धरून स्पायरोमेट्री, दुरुस्त केलेला डीएलसीओ आणि हृदयाचा इको करावा. बसल्याजागी दम, छातीत दुखणं, भोवळ, खोकल्यातून रक्त, एका पायाला सुजेसकट अचानक लागलेली धाप, किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा संपृक्तता चार टक्क्यांनी खाली जाऊन तिथेच राहणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासात रुग्णालयात जावं. वडिलांनाही हेच लागू. फक्त त्यांच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर त्यांचा नेहमीचा आकडा ८७ आहे हे ठळक लिहून ठेवा, म्हणजे तपासणाऱ्या नव्या डॉक्टरांना तुलना करता येईल.